गड्याची खोली

सेटअपबाईंचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, आणि बहुधा तेवढ्याच ठिकाणी होतं. पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या माणसापासून संचालक मॅडमपर्यंत सगळे त्यांना सेटअपबाई म्हणत. कुठल्याही संगणकावर काही नवं बसवायचं झालं की बाईंना हाक जायची. बाई यायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवायच्या आणि खुर्चीतल्या माणसाला नुसतं "उठा" म्हणायच्या. माणूस कोण आहे ते बघायच्या नाहीत. संचालक मॅडमही उठायच्या.

काम कसलं, तर लोकांच्या मते चार बटणं दाबण्याचं. या मताचे प्रचारक म्हणजे मास्तर. मास्तर पूर्वी संगणकाचे वर्ग चालवायचे, वर्ग बुडाले आणि मास्तर प्रयोगशाळेत तरून आले. नेटवर्क त्यांच्याकडे, बसवणं बाईंकडे, आणि दोघांच्या टेबलांमध्ये एक कपाट. कपाटाच्या पलीकडून मास्तर आल्यागेल्याला सांगायचे की आमच्या बाईंची सगळी विद्या तीन शब्दांत मावते, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. बाई ऐकायच्या आणि ऐकलं नाही असं दाखवायच्या. अकरा-बारा वर्षं हा संसार असाच चालला होता. नवराबायकोसुद्धा इतकी वर्षं इतक्या नेमाने टोमणे मारत नाहीत.

पण बाईंचं काम मास्तरांनी नीट पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं, कारण चांगलं झालेलं हे काम दिसतच नाही.

घरात कपाट बसवायला माणूस येतो, तेव्हा त्याला तासभर सगळं घर उघडं करून द्यावं लागतं. तो भिंतीला भोक पाडतो, पलंग सरकवतो, वीज बंद करतो. गेल्यावर आपण बघतो ते कपाट सरळ आहे का एवढंच. त्याने मागची खिडकी लावली का, किल्ली खिळ्याला परत अडकवली का, हे कोण बघतं? संगणकात काही बसवणारा प्रोग्रॅम म्हणजे असाच माणूस. काही क्षणांसाठी त्याला त्या यंत्रावरचे सगळे अधिकार मिळतात. जे तिथे रोज बसणाऱ्याला करता येत नाही, ते सगळं तो करू शकतो. आणि जाताना त्याने एखादी फट ठेवली, तर त्या फटीतून अगदी तळाचा वापरकर्ता, ज्याला छपाईपलीकडे कसलीच मुभा नाही असा, वर चढून मालक होऊन बसू शकतो. पासवर्ड न चोरता.

म्हणून बाई मागची खिडकी बघायच्या. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात एक जुना संगणक होता. त्याचं नाव त्यांनी सासुरवाशीण ठेवलं होतं, कारण सगळ्यांचं सगळं तिने सोसायचं आणि वर हूं की चूं करायचं नाही. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आधी तिच्यावर बसायची. बसवण्यापूर्वी बाई यंत्राची मोजदाद करायच्या, बसवल्यानंतर पुन्हा करायच्या, आणि मधला फरक वहीत उतरवायच्या: कुठे नवं फोल्डर झालं, त्यात कोणाला लिहिता येतं, कोण कोणाच्या जोरावर चालतं. मग पाहुणा नावाच्या सगळ्यांत दुबळ्या खात्याने आत शिरून त्या दोन दिवस दारं ढकलत बसायच्या. एखादं उघडलं, तर माल परत. एकदा एका मोठ्या कंपनीला त्यांनी तीन ओळींचं पत्र लिहिलं होतं की तुमचा प्रोग्रॅम दुरुस्तीच्या नावाखाली कोणालाही सर्वाधिकार देतो, कृपया असे करू नये. कंपनीने आधी उडवून लावलं. पाच महिन्यांनी नवी आवृत्ती आली, तिच्यात ती फट बुजलेली होती. आभाराचं पत्र आलं नाही. बाईंनी वहीत त्या ओळीवर काट मारली आणि पुढचं पान उलटलं.

पाटीवर लिहून ठेवावी अशी ही नोकरी नव्हती. पण माणसाचा मोठेपणा पुष्कळदा असाच असतो, कोणी बघत नसताना ढकलून पाहिलेल्या दारांचा.

एकशे चाळीस संगणकांवर प्रत्येक वेळी स्वतः जाऊन बसवणं एका माणसाला शक्य नव्हतं. म्हणून नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बाईंनी स्वतःचा एक बसवणारा तयार केला. छोटासा प्रोग्रॅम, प्रत्येक यंत्रावर कायमचा राहणारा. त्याला त्या गडी म्हणत. सकाळी संगणक सुरू झाला की गडी दोन मिनिटं थांबायचा, म्हणजे तोवर नेटवर्कला जाग यायची. मग तो आपल्या खोलीत, म्हणजे स्वतःच्या फोल्डरमध्ये, डोकवायचा. तिथे 'काम' नावाची फाइल दिसली की ती चालवायचा, सर्वाधिकाराने, काही न विचारता. रात्री बाईंनी धाडलेलं काम सकाळी माणसं खुर्चीत टेकायच्या आत उरकलेलं असायचं. बाईंना या गड्याचा फार अभिमान होता. बाहेरच्या मालाला त्या दोन दिवस झोडपायच्या, पण गडी घरचा होता. घरच्या माणसाची झडती कोण घेतं?

त्या वर्षी जे झालं ते रसायनवाल्या ताईंमुळे उघडकीस आलं. ताई पाण्यातली शिसं-पारा अशी जहरं मोजायच्या आणि आकडे आधी हाताने आपल्या वहीत लिहायच्या. एका वसाहतीच्या टाकीचा अहवाल दोन महिन्यांनी काही कारणाने पुन्हा समोर आला, आणि ताई थबकल्या. वहीत शिसं मर्यादेच्या सहापट होतं. संगणकातल्या अहवालात दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकलेलं होतं आणि पाणी पिण्यास योग्य ठरलं होतं. ताईंनी सोमवारी स्वाक्षरी केली तेव्हाच तो अहवाल कुलूपबंद झाला होता. बुधवारी सकाळी कोणीतरी कुलूप काढून आकडा बदलला होता, अकरा वाजता प्रत वसाहतीला गेली होती, आणि त्यानंतर दोन महिने अडीचशे घरांनी ते पाणी प्यायलं होतं.

बंद अहवाल उघडायचा तर यंत्रावर सर्वाधिकार लागतो. नोंदीत लिहिलं होतं, नमुना-खिडकीवरच्या, म्हणजे लोक पाण्याच्या बाटल्या आणून देतात तिथल्या संगणकावरून, सर्वाधिकाराने. सर्वाधिकाराचा पासवर्ड साऱ्या इमारतीत दोघांनाच ठाऊक होता. त्या आठवड्यात बाई लेकीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या गावी होत्या. म्हणजे उरला एकच माणूस.

मास्तरांना कोणी चोर म्हटलं नाही. त्यांना फक्त खालच्या मजल्यावरच्या भांडारात बसायला सांगितलं, चौकशी होईपर्यंत, बाटल्यांची बुचं मोजायला. चहाच्या वेळी त्यांच्या बाकावर कोणी टेकेनासं झालं. त्यांची बायको जवळच्याच शाळेत शिकवायची, तिथे पालक तिला विचारायला लागले की तुमचे मिस्टर कसे आहेत, आणि विचारून झाल्यावर एकमेकांकडे बघायला लागले. वसाहतीतली माणसं एकदा फाटकाशी येऊन गेली. त्यांच्यातली एक बाई पोटुशी होती. ती नुसती मास्तरांच्या भांडाराच्या खिडकीकडे बघत उभी राहिली. कोणीतरी तिला खिडकी दाखवली होती.

आणि सेटअपबाईंना काय वाटलं? खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्यांना बरं वाटलं. कपाटापलीकडे शांतता होती. हाच तो माणूस जो मला शहाणपण शिकवायचा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांनी ते मनात येऊ दिलं. वाईट वाटायचं ते वसाहतीसाठी. मास्तरांसाठी वाटावं असं त्यांच्याकडे काही साठवलेलंच नव्हतं.

चौकशीला बाहेरून एक गृहस्थ नेमले होते. निवृत्त, पांढऱ्या भुवयांचे, कागदावर विश्वास असलेले. त्यांनी बाईंना संगणकाच्या नोंदींची छापील पानं दिली आणि म्हणाले, तुम्ही त्या वेळी इथे नव्हता, तेव्हा तुम्हीच एकदा नजर घालून सांगा की हे बरोबर आहे. केवळ सही हवी होती. बाईंनी पेन उघडलं. मग चष्मा खाली ओढला.

संगणक सुरू, आठ वाजता. अहवालात बदल, आठ वाजून दोन मिनिटांनी.

मास्तर साडेनऊच्या आत कधी आले नव्हते. त्यावरून इमारतीत विनोद होते. पण एखादा दिवस येऊही शकतो माणूस, चौकशीवाल्यांनी तसं लिहूनही ठेवलं होतं. बाईंचं लक्ष तिकडे नव्हतंच. त्यांना दोन मिनिटं दिसत होती. ती दोन मिनिटं कोणाची, हे त्या इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण ती त्याच माणसाने ठरवली होती.

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि उद्या सही करते म्हणाल्या.

जेवणाच्या सुटीत खोलीत त्या एकट्या होत्या. डबा उघडला नाही. सासुरवाशिणीवर पाहुणा या खात्याने त्या आत शिरल्या आणि गड्याच्या फोल्डरमध्ये 'काम' नावाची एक फाइल ठेवून पाहिली. यंत्राने नाही म्हणायला हवं होतं. यंत्राने ती ठेवून घेतली. फाइलीत बाईंनी एकच आज्ञा लिहिली होती: जिथे पाहुण्याला पाऊल टाकता येत नाही अशा कुलपातल्या जागी जाऊन एक ओळ लिहून ये. त्यांनी यंत्र बंद केलं, सुरू केलं आणि घड्याळाकडे बघत बसल्या. बाहेर कोणीतरी बाटल्यांचा क्रेट ओढत नेत होतं. एक मिनिट. क्रेट थांबला, पुन्हा ओढला गेला. दोन मिनिटं.

कुलपातल्या जागी ओळ उमटली होती. 'मी आत आले होते.'

बाई बराच वेळ ती ओळ वाचत राहिल्या. स्वतःच लिहिलेलं वाक्य माणसाला कधी कधी दुसऱ्याने लिहिल्यासारखं वाचता येतं, तसं.

मग त्या उठल्या आणि कपाटातून जुन्या वह्या काढल्या. चौथ्या वहीत सापडलं. अकरा वर्षांपूर्वी खिडकीवर चिठ्ठ्या छापण्याचं एक यंत्र होतं, बाटल्यांवर डकवायच्या चिठ्ठ्यांचं. ते आपली कच्ची नोंद गड्याच्या फोल्डरमध्ये लिहायला बघायचं आणि अडायचं. एका दुपारी खिडकीपाशी बाटल्या घेतलेल्या माणसांची रांग फाटकापर्यंत गेली होती, आणि कोणीतरी हाका मारत होतं, सेटअपबाई, ओ सेटअपबाई. बाईंनी त्या फोल्डरवर सर्वांना पूर्ण मुभा देऊन टाकली. चिठ्ठ्या छापल्या गेल्या. पुढे गड्याच्या जितक्या प्रती निघाल्या, त्या सगळ्या त्याच मुभेसकट निघाल्या. वहीत बाईंच्याच अक्षरात होतं, तात्पुरते, शुक्रवारी काढणे.

असे अकरा वर्षांचे शुक्रवार गेले होते. चिठ्ठ्यांचं यंत्र तर आठ वर्षांपूर्वीच भंगारात निघालं होतं. मुभा राहिली होती.

आणखी एक गोष्ट त्यांना आठवली, वहीत नसलेली. दोनेक वर्षांपूर्वी मास्तर कपाटाला वळसा घालून त्यांच्या टेबलापाशी आले होते. टोमणा न मारता, जरा अवघडून. म्हणाले होते, बाई, तुमच्या त्या गड्याचं फोल्डर सगळ्यांना मोकळं कसं? बाईंनी मान वर न करता उत्तर दिलं होतं, मास्तर, इथे तुमचा वर्ग नाही भरलेला. मास्तर ओशाळून परत गेले होते. पलीकडून मग नेक्स्ट-नेक्स्टचा आवाज जरा जास्तच जोरात यायला लागला होता.

घरी त्यांचे यजमान चष्म्याच्या काचा घासायचे. पुढच्या खोलीत त्यांचं चाक होतं, चाकावर सतत पाण्याची धार, आणि बोलणं त्या घरघरीवरून मोठ्याने. बाईंनी सगळं सांगितलं. यजमानांनी काच उजेडासमोर धरली, पुन्हा चाकाला लावली आणि विचारलं की ते फोल्डर बंद करायला किती वेळ लागेल.

"एक दुपार."

"मग कर ना बंद. कोणाला कळणार आहे?"

"बंद केलं की पुरावाच गेला. मग मास्तर गेले."

"तो मास्तर तुझा कोण लागतो गं? बारा वर्षं तुझ्या नावाने खडे फोडतोय. आणि निवृत्तीला सहा वर्षं उरलीत तुझ्या."

यजमान चाक फिरवत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पायपट्टीवरून पाय काढला, चाक मंदावत थांबलं आणि त्यांच्या आवाजाला ओरडायचं कारण उरलं नाही.

"ठरवून आलीस तर मला कशाला विचारतेस?" ते पुटपुटले. "जा, हातपाय धू. भाजी मी करतो."

ठरवलं होतं असं म्हणणं तितकंसं खरं नव्हतं. त्या पहाटे उठल्या तेव्हाही ठरलेलं नव्हतं. आजवर दुसऱ्यांच्या मालातली फट दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि त्या जोरावर त्या ताठ चालत आल्या होत्या. आता तो कणा ज्या मणक्यावर उभा होता, त्यालाच चीर होती. लोक काय म्हणतील, हा प्रश्न लहान होता. उद्यापासून एखादा प्रोग्रॅम परत पाठवताना आपल्याच हाताला काय वाटेल, हा मोठा होता. आणि अडीचशे घरं होती. ते पाणी ज्याने पाजलं तो अजून मोकळा होता. पण ज्या दारातून तो आत गेला, ते दार बाईंच्या घरचं होतं.

सव्वादहाला त्या संचालक मॅडमच्या खोलीत गेल्या. तत्पूर्वी त्यांनी एकच गोष्ट केली. नमुना-खिडकीवरच्या संगणकाची वायर काढली, त्याच्या सगळ्या भोकांवर कागदी पट्ट्या डकवल्या आणि प्रत्येक पट्टीवर सही व वेळ घातली. एकाही यंत्रातलं काही बदललं नाही. बदललं असतं, तर ठसे पुसल्यासारखं झालं असतं. मॅडमनी ऐकून घेतलं, दार लावलं आणि विचारलं की हे तुम्ही आणखी कोणाला सांगितलंय. नवऱ्याला, बाई म्हणाल्या. मॅडमनी बराच वेळ पेपरवेट फिरवला आणि चौकशीवाल्यांना फोन लावला.

दुपारी सासुरवाशिणीभोवती चार खुर्च्या मांडल्या. संचालक मॅडम, चौकशीवाले गृहस्थ, सेटअपबाई, आणि भांडारातून बोलावून आणलेले मास्तर. मास्तरांना कशासाठी बोलावलंय ते कोणी सांगितलं नव्हतं. ते भिंतीला खुर्ची लावून, हात मांडीवर ठेवून बसले होते, निकाल ऐकायला बसलेल्या माणसासारखे. बुचं मोजून त्यांची बोटं पांढुरकी झाली होती.

चौकशीवाल्यांची तयारी मास्तरांची कबुली ऐकायची होती. बाई फट, फोल्डर, मुभा असं बोलू लागल्यावर त्यांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या. शेवटी ते म्हणाले की हे तज्ज्ञांचं काम दिसतं, आणि तज्ज्ञ या इमारतीत दोनच आहेत, तेव्हा मुद्दा काही बदलत नाही.

बाईंनी आपली खुर्ची मागे घेतली.

"साहेब, तुम्ही बसा इथे."

"मी? अहो, मला चिरंजीवांना साधा फोटो पाठवता येत नाही."

"म्हणूनच."

गृहस्थ बसले. एका बोटाने त्यांनी पाहुणा असं लिहिलं, दोनदा चुकून. बाईंनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या, त्या ते मोठ्याने वाचत एकेक अक्षर दाबत राहिले. पासवर्ड कुठेही नव्हता. फाइलीला त्यांनी 'काम' असं नाव दिलं आणि फोल्डरमध्ये टाकली. बाईंनी फक्त यंत्र बंद करून सुरू केलं आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. दोन मिनिटं ही तशी लांबलचक वस्तू आहे, चार माणसांनी मिळून वाट पाहिली तर आणखीच.

पडद्यावर खूण आली. पाहुणा आता सर्वाधिकारी झाला होता.

"हे काय झालं?"

"आता या यंत्रावर तुम्ही मालक आहात. कुठलाही बंद अहवाल उघडू शकता."

"म्हणजे मीसुद्धा..."

"तुम्हीसुद्धा. खिडकीवर बसणारा कोणीही. बाटली द्यायला आलेला कोणीही, खुर्ची पाच मिनिटं रिकामी असली तर."

गृहस्थांनी कळफलकावरून हात उचलले, जणू तो तापला होता. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि जे विचारायचं ते विचारलं. हे दार ठेवलं कोणी?

"मी." बाईंनी चौथी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "तारीख आहे बघा. अक्षर माझं. शुक्रवारी काढणे असं लिहिलंय, ते मी काढलं नाही."

संचालक मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, मानवी चूक आहे, आपण तसं लिहू. वाक्य दयेचं होतं आणि बैठक तिथे संपू शकली असती. गृहस्थांनी टोपण उघडून लिहायलाही घेतलं होतं.

"अजून एक लिहा," बाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी मला विचारलं होतं, हे फोल्डर मोकळं कसं म्हणून. मी त्यांना गप्प बसवलं. तेव्हा ऐकलं असतं, तर हे झालं नसतं."

भिंतीपाशी खुर्ची करकरली. मास्तर पहिल्यांदा बोलले.

"मला नाही आठवत असं काही."

"मला आठवतं."

"बाई, मी खरंच..."

"मास्तर, तुम्हाला आठवायची गरज नाही. मला आठवतं ना."

मास्तरांनी खाली पाहिलं. पांढुरकी बोटं त्यांनी एकमेकांत अडकवली आणि सोडवली. महिनाभर त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. आता त्यांच्या बाजूने असं काही सांगितलं जात होतं जे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

पट्ट्या लावलेला संगणक बाहेरच्या जाणकारांकडे गेला. कुठे बघायचं ते आता माहीत होतं, त्यामुळे फार दिवस लागले नाहीत. गड्याच्या खोलीत पुसून टाकलेल्या एका फाइलीचे अवशेष निघाले, मंगळवारी संध्याकाळी ठेवलेल्या. त्या संध्याकाळी खिडकीपाशी बसून तराजू दुरुस्त करणाऱ्या बाहेरच्या कारागिराचा माग त्यावरून लागला, आणि त्याच्यामागे कोण होतं त्याचाही. ती पोलिसांची गोष्ट आहे, इथे सांगायची नव्हे. वसाहतीची टाकी चूक उघडकीस आली तेव्हाच बंद झाली होती आणि नळांना दुसरीकडून पाणी आलं होतं; घरोघरी रक्त तपासायला माणसंही फिरली. ती पोटुशी बाई पुन्हा फाटकाशी आली नाही. बाईंनी तिचा रक्ताचा आकडा ताईंकडून विचारून घेतला होता. मर्यादेच्या आत होता, थोडाच.

निकालाचे कागद दोन निघाले. एकात मास्तर निर्दोष होते. दुसऱ्यात सेटअपबाईंच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा होता, आणि पुढचा आदेश येईपर्यंत त्यांचा सर्वाधिकार काढून घेतला होता. पासवर्ड बदलला गेला. नवा फक्त मास्तरांना सांगण्यात आला. बाईंच्या वाट्याला पाहुणा हे खातं आलं. त्यांनी दोन्ही कागद वाचले, आपल्या कागदावर सही केली आणि विचारलं की गड्याच्या एकशे चाळीस खोल्या कोण बंद करणार?

मास्तरच करणार होते. दुसऱ्या कोणाला मुभाच नव्हती. पण गडी आतून कसा आहे हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. तेव्हा सोमवारी सकाळी दोघं मिळून निघाली, तळमजल्याच्या पहिल्या खोलीपासून. मास्तर पावणेआठला आले होते. ते खुर्चीवर, बाई शेजारच्या स्टुलावर. बाई सांगायच्या, मास्तर करायचे. मुभांची यादी उघडा. 'सर्वांना' ही ओळ काढा. गड्याने पाठवणाऱ्याची सही तपासल्याशिवाय कुठलीही फाइल चालणार नाही, ही नवी अट घाला. यंत्र प्रत्येक वेळी पासवर्ड मागायचं आणि प्रत्येक वेळी बाई मान वळवून खिडकीबाहेर बघायच्या. कळांचा आवाज थांबला की परत वळायच्या.

पहिल्या दिवशी मास्तरांनी ते नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी एकतिसाव्या यंत्रापाशी, बाईंची मान वळलेली असतानाच, ते म्हणाले,

"बघा हो, बाई. तुमच्यापासून काय लपवायचंय?"

"नियम आहे."

मास्तर टाइप करायचे थांबले.

"एक सांगू? उलटं असतं ना, म्हणजे तुमच्या जागी मी असतो, तर मी बोललो असतो की नाही, मला माहीत नाही. रोज रात्री विचार करतोय. उत्तर येत नाही."

बाहेर अंगणात कोणीतरी धुतलेल्या बाटल्या उन्हात उलट्या मांडत होतं. बाई त्या बाटल्यांकडे बघत राहिल्या.

"मलाही आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सकाळी पायऱ्या चढेपर्यंत नव्हतं आलं. तुम्ही लिहा पासवर्ड."

कळा वाजल्या. बाई वळल्या. मास्तरांनी खुर्ची सोडली आणि बाई तिच्यात बसल्या, कारण शेवटची पायरी त्यांची होती. पाहुणा या खात्याने त्या आत शिरल्या, 'काम' नावाची फाइल उचलली आणि गड्याच्या खोलीत टाकायला गेल्या. यंत्र क्षणभर थांबलं. मग चौकट आली: तुम्हाला या ठिकाणी लिहिण्याची परवानगी नाही.

बाईंनी ते वाक्य शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा कपाळावर सरकवला, वहीत एकतीसपुढे खूण केली आणि उठल्या. मास्तरांनी स्टूल उचललं होतं.